पिन बसली म्हणजे झालं?

माझं म्हणणं अगदी साधं आहे. जी वस्तू हुबेहूब दिसते, बरोबर बसते, पण चालत मात्र नाही, ती बनवणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. कोणती, ते अजून नक्की नाही. मे महिन्यात भर दुपारी उमरेडच्या कोळशाच्या खाणीच्या काठावर उभं करून त्याच्याच मालाची बटणं दाबायला लावावी, इथपर्यंत माझा विचार आलेला आहे.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आमचा दादा नागपूर रोडवर स्कूटरवरून घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठा रुसला तो रुसलाच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबा म्हणाल्या. दादा जन्मभर गिऱ्हाइकांना दाबात ठेवत आलेला माणूस. चेंडू दाबणं त्याला कमीपणाचं वाटलं. दोन दिवसांत चेंडू पलंगाखाली गेला. शर्टाची बटणं वहिनी लावू लागल्या, स्कूटरची चावी पुतण्याने ताब्यात घेतली, आणि दादा खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरकडे बघू लागला. हे काही मला बघवेना. शेवटी वहिनींनीच माळ्यावरून आमचा जुना व्हिडिओ गेम काढला. "अंगठ्याला काम पाहिजे ना? मग हे घ्या," म्हणाल्या.

हा डबा १९९३ साली वडिलांनी सीताबर्डीवरून आणला होता. त्या काळात आपल्याकडे 'समुराई', 'मीडिया' अशा नावांनी जे डबे मिळत, ते सगळे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आमच्या डब्यावर तर नावच नव्हतं, नुसता एक वाघ होता. सोबतच्या कॅसेटवर '९९९९ खेळ' लिहिलेलं. खेळ मोजून सहा, बाकी त्यांचेच अवतार. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं.

डबा चालू झाला. मारिओ आला, संगीत आलं, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. रिमोट मात्र मेला होता. (आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. तारेने बांधलेल्या वस्तूला रिमोट म्हणणारी आमची पिढी.) बटणाखालच्या रबराचा तुकडाच पडला होता. त्यात १९९४ साली हरल्यावर दादाने तो भिंतीवर फेकला होता, हेही इथे नमूद करून ठेवतो.

मी सीताबर्डीला गेलो. दुकानदाराने नवाकोरा रिमोट पुढे ठेवला. डब्यावर लिहिलेलं, 'सर्व जुन्या गेमला चालतो'.

"भाऊ, आमच्या डब्याला चालंल ना?"

"नऊ पिनवाला आहे ना तुमचा? मंग काऊन नाही चालणार!"

"लावून बघता येईल?"

"आता जुना डबा कुठून आणू बाप्पा? पिन बसली म्हणजे झालं."

पिन बसली. अशी बसली, की काढताना पाय लावावा लागला. पण मारिओ जागचा हलेना. दुसरा रिमोट मागवला घरपोच. तो लावताच मारिओ बसकण मारून उड्या घेऊ लागला, खेळ आपोआप थांबू आणि सुरू होऊ लागला. आठही बटणं कोणी एकदम दाबून धरल्यासारखं! तिसरा शेजाऱ्यांनी प्रेमाने दिला, त्यांच्या सेगा मेगा ड्राइव्हचा. (हा सेगा १९९० च्या दशकात भारतात विकायची ती शॉ वॉलेस, जी लोकांना ठाऊक होती मद्यासाठी. असो.) नऊच भोकं, तीच टोपी, आणि परिणाम शून्य. चौथ्यात वर दाबलं की खाली. दर वेळी दादा अंगठा सरसावून बसायचा आणि दर वेळी म्हणायचा, "जाऊ दे बे, राहू दे." पाचव्या वेळी तो अंगठा सरसावूनही बसला नाही. माझा राग खरा तिथून सुरू होतो.

गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी मला कारण समजावलं. १९७७ च्या अटारीच्या दांड्यात अक्कल नव्हती. वर, खाली, डावं, उजवं, गोळी, प्रत्येकाला स्वतंत्र तार. तिची नऊ पिनांची टोपी सोयीची निघाली म्हणून कमोडोरपासून सेगापर्यंत अनेकांनी उचलली; आतल्या तारा मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने फिरवल्या. मेगा ड्राइव्हचा रिमोट कमोडोर ६४ ला लावला तर टोपी झक्क बसते आणि संगणकाची चिप जायची भीती असते! निन्टेन्डोची तऱ्हा आणखी निराळी. बटणं आठ, तारा पाच. डबा सेकंदाला साठेक वेळा मास्तरासारखी हजेरी घेतो: ए? बी? सिलेक्ट? स्टार्ट? वर? खाली? डावं? उजवं? आणि रिमोटमधली चिमुकली चिप एकाच तारेवरून ओळीने 'हजर', 'गैरहजर' सांगत जाते. नक्कल करणाऱ्यांनी या पाच तारा अटारीच्या नऊ पिनांच्या टोपीत कोंबल्या. कोणती तार कुठल्या पिनला, हे ज्या त्या कारखान्याने ठरवलं. उत्तराची तार भलतीकडे टेकली की सगळा वर्ग एकदम हजर!

खुद्द निन्टेन्डोचं तसं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. जपानात त्यांनी रिमोटचा दोर डब्यालाच कायमचा बांधून टाकला, दावणीच्या गाईसारखा. १९८५ साली अमेरिकेत गेले तेव्हा सात पिनांची स्वतःची वेगळीच टोपी काढली. दुसऱ्याचं काही बसत नाही, पण बसतं असं सोंगही नाही.

आम्हा उमरेडकरांना न जुळणाऱ्या गोष्टींची सवय आहे हो. आमची नागपूर–नागभीड गाडी नॅरोगेज, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. इतवारीला उतरायचं, सामान उचलायचं आणि १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या लायनीची गाडी धरायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती छोटी लाईन रुंद करण्यासाठी बंद झाली. पण इतक्या वर्षांत 'बसते ना, मंग चालन' म्हणून मोठ्या लायनीचं इंजिन छोट्या रुळावर कोणी चढवून पाहिलं नाही. घरातला पंधरा अँपिअरचा प्लग घ्या. पाचच्या भोकात जातच नाही, तोंडावर सांगतो, "मी तुझा नाही." याला मी सभ्यपणा म्हणतो.

तुम्ही म्हणाल, जुनं कशाला उकरता, मोबाईलवर हेच खेळ फुकट मिळतात. मिळतात. काचेवर अंगठा फिरवला की बटण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळतच नाही. दादाच्या अंगठ्याला काच गोंजारायची नव्हती, बटण दाबायचं होतं. कोणी म्हणेल, नकली मालाकडून काय अपेक्षा करता? अहो, अस्सलवाले तरी कुठे सुधारले? युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना एकच टाइप-सी भोक सक्तीचं केलं. छान केलं. पण केबली सगळ्या सारख्या दिसतात, आणि एखादीतून नुसती वीज जाते, फोटो जात नाहीत. वर चिठ्ठी नाही. अरे, आतल्या पाच तारांचा नकाशा खोक्यावर छापायला किती शाई लागते? वाघ छापायला होती ना शाई!

शेवटी काकांनीच मार्ग काढला. दोन्ही दोर कापले. जुन्याची टोपी, नव्याचं धड. मीटर टुंई टुंई वाजवत पाच तारांची नाती जुळवायला त्यांना दुपार लागली, आणि पैसे घेतले एका चहाचे. मी विचारलं, "काका, चालंल ना?" ते म्हणाले, "मले का विचारून राहिला? लावून पाह्य." सीताबर्डीपासून एवढं प्रामाणिक वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी लावला. मारिओ चालला. दादाचा अंगठा पहिल्या खड्ड्यापाशी आला, थांबला, दाबायला गेला तो उशिराच, आणि मारिओ खड्ड्यात. दादा चिडला. चिडून पुन्हा बसला. साडेनऊला वहिनी जेवायला बोलवून थकल्या, तेव्हा तो तिसऱ्या खड्ड्यापर्यंत पोचला होता. चावी अजून पुतण्याकडेच आहे, पण शर्टाचं वरचं बटण परवा त्याने स्वतः लावलं, कोणी बघत नाही असं बघून.

मी म्हटलं, "दादा, आता माझी पाळी."

त्याने न बघता दोन नंबरचा रिमोट माझ्याकडे सरकवला. त्याला १९९३ पासूनच स्टार्टचं बटण नाही.

"स्टार्ट माझ्याकडं आहे," दादा म्हणाला. "थांब."

मी थांबलोय.