जुन्या जीपला नवे इंजिन : आधी कागद, मग पाना

यवतमाळ जिल्ह्यात जुन्या गाडीची आवड ही केवळ बंगलेवाल्यांची चैन कधीच नव्हती. येथे जीप शेतात खताची पोती नेते, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात शिरते, निवडणुकीत भोंगा बांधून गावोगाव फिरते आणि लग्नसराईत नवरदेवालाही मिरवते. काळी-पिवळीच्या रूपाने तर तिने वर्षानुवर्षे अर्धा जिल्हा अंगावर वाहिला. अलीकडे मात्र गॅरेजच्या दारात एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते वडिलांची विलीज, आजोबांची ॲम्बेसेडर किंवा कुणाच्या गोठ्यात पडलेली फियाट ओढून आणते आणि म्हणते, "मिस्त्री, बाहेरून जशीच्या तशी करा, आत मात्र नवे इंजिन, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक आणि एसी पाहिजे."

हे काम आपल्या मिस्त्रींना जमेल काय, हा प्रश्नच नाही. लेथवर प्लेट कापून एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडणारे उस्ताद या भागात पूर्वीपासून आहेत. प्रश्न असा आहे की हे सारे करून दिल्यावर कायद्याच्या नजरेत ती गाडी कोणती राहते? आणि उद्या रस्त्यावर अघटित घडले तर जबाब कोणाला द्यावा लागतो? आमचे स्पष्ट मत असे की, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा उघडू नये, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो.

जुन्या सांगाड्यात नवे इंजिन ही काही गल्लीतल्या गॅरेजची उचापत नव्हे, ती कारखान्यांनीच सुरू केलेली रीत आहे. 1945 साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. याच कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. ती जीप पेट्रोलवर चालणारी होती. पुढे त्याच घडणीच्या गाडीत कंपनीने प्यूजोच्या तंत्राचे डिझेल इंजिन घातले आणि खेड्यापाड्यात जीपला खरी बरकत आली. ॲम्बेसेडरचेही तसेच. मॉरिस ऑक्सफर्डच्या जुन्या अंगाला 1992 साली कारखान्याने इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन दिले आणि 2014 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत बाहेरची घडण फारशी बदलली नाही. फार काय, आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन 1994 साली निघाले आणि त्याच अरुंद रुळांवर त्याच गाडीला डिझेल इंजिन जोडले गेले! लोकांनी त्या गाडीला शकुंतला म्हणणे काही सोडले नाही.

परंतु कारखान्याला जे करता येते ते मालकाला करता येतेच असे नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आर.सी. बुकातील नोंदी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्यात, नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची, परवानगी हवी. "बदलून टाकू, पासिंगच्या वेळी बघून घेऊ" हे वाक्य गॅरेजमध्ये फार ऐकू येते. ते आता महाग पडणारे आहे.

दुसरीकडे, 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, नोंदणीची मुदत 10 वर्षे, आणि नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती फिरू शकते.

म्हणजे 1968 च्या विलीजमध्ये ज्याने आजचे टर्बो डिझेल घातले, त्याने 'व्हीए'चा दरवाजा बंद करून घेतला, आणि साध्या नोंदणीतही त्याची गाडी नियमबाह्य ठरली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. मालक चार-पाच लाख खर्चून बसतो आणि विकायला काढतो तेव्हा कागद पाहणारा शहाणा खरेदीदार मागे फिरतो. म्हणून 50 वर्षांपुढची आणि मूळ इंजिन जागेवर असलेली गाडी दारात आली तर मिस्त्रीने गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे की या गाडीची किंमत तिच्या जुनेपणातच आहे. इंजिनचे बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला, कार्बोरेटर जागेवर आणा, पण ते भंगारात घालू नका. या कामात मजुरी कमी मिळते असेही नाही. जुना भाग शोधणे आणि घडवणे यालाच खरे कसब लागते.

उरल्या 1980-90 च्या जीप आणि ॲम्बेसेडर. खरा धंदा येथे आहे आणि धोकाही येथेच आहे. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ताकद हवी असते. उस्तादाने पहिल्यांदा ब्रेककडे पाहावे. गाडीचा वेग 60 वरून 90 झाला की ती थांबवायला दीडपट नव्हे, सव्वादोनपट जोर लागतो. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच ब्रेकलाइन; एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. तेथे आधी दोन लाइनचा मास्टर सिलिंडर हवा. मग स्टिअरिंगचा ढिलेपणा, किंगपिन, पाटे. मग वायरिंग, कारण वयस्कर गाड्या पेटतात त्या बहुधा उघड्या पडलेल्या वायरींमुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा रेडिएटर आणि पंख्याचा हिशेब परराज्यातले फोटो पाहून करून चालणार नाही. आणि ब्रेकच्या कामालाही नोंद लागते का, हे कार्यालयात लेखी विचारून ठेवावे.

ताकदीबाबत आणखी एक गोष्ट. विलीजच्या सीजे-3बी मॉडेलला क्राउन-पिनियनचे प्रमाण 5.38 होते, चाकाच्या एका फेऱ्याला टॉप गिअरमध्ये इंजिनचे सव्वापाच-साडेपाच फेरे. ताशी 80 ला इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या वर फिरते आणि ओरडू लागते. ती गाडी चिखलात ओढण्यासाठी घडवली होती, नागपूर-हैदराबाद महामार्गासाठी नव्हे. तिच्यात दुप्पट जोराचे इंजिन घातले तर त्याचा मार गिअरबॉक्सच्या दातांवर आणि एक्सलवर येतो. मग गिअरबॉक्स बदला, मग एक्सल बदला, मग फाउंडेशनसाठी चेसिस कापा. शेवटी मूळ गाडीची फक्त जाळी आणि नाव उरते. त्यापेक्षा त्याच कंपनीने त्याच जातीच्या गाडीत पुढे जे इंजिन दिले तेवढ्यावर थांबलेले बरे. परवानगी त्यालाही लागतेच, पण अधिकाऱ्यासमोर निदान सांगायला जागा राहते.

परवानगी मिळाली तरी इंजिन आणायचे कोठून, हा वेगळा प्रश्न. पूर्वी सरकारी खात्यांच्या जीपा लिलावात निघत आणि त्यांचा माल कागदासह हाती पडे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात. त्यामुळे बिनकागदी मालाचा मोह वाढला आहे. बिल नसलेले इंजिन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. नंबर चोरीच्या गाडीशी जुळला तर पोलीस शौकीन मालकाच्या आधी मिस्त्रीच्या दारात येतात. विमा कंपनीला न कळवलेला बदलही भरपाई अडवायला पुरेसे कारण होऊ शकतो. तसेच 15 वर्षांवरील मोटारीची नोंदणी नव्याने करण्याचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 झाले आणि 20 वर्षांवरील मोटारीसाठी 2025 मध्ये 10,000 झाले. गिऱ्हाइकाला हे सर्व आकडे पहिल्या दिवशीच सांगावेत.

आता सरकारकडेही एक मागणे आहे. सुरक्षेसाठी नियम कडक असावेत, यात वाद नाही. परंतु चांगले काम आणि वाईट काम यांत फरकच न करणारा नियम चांगल्या कारागिराला चोरून काम करायला लावतो. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणांची पद्धत होती. मूळ चेसिसला 5 गुण, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, आणि इंजिनला फक्त 1. मूळ चेसिस धरून 8 गुण भरले की गाडीची जुनी नोंदणी कायम. म्हणजे तेथे गाडीची ओळख सांगाड्यावरून ठरे, इंजिनवरून नव्हे. आपल्या कलम 52 मध्येही, विशिष्ट कारणासाठी वेगळ्या प्रकारच्या फेरबदलाला केंद्र सरकार सूट देऊ शकते अशी तरतूद आहे. तिचा उपयोग करून जुन्या खासगी गाड्यांसाठी तपासणीची एक पद्धत आखता येईल. इंजिनचे बिल, गॅरेजवाल्याची सही, ब्रेकची प्रत्यक्ष चाचणी आणि मग आर.सी. बुकात नोंद. शुल्क घ्यावे, पण तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी. पुसद-उमरखेडच्या माणसाला त्यासाठी पुण्याची वारी घडू नये.

तोवर गॅरेजवाल्यांनी एवढे करावे. काम घेण्यापूर्वी आर.सी. बुकाची प्रत, इंजिन-चेसिसचे नंबर आणि मालकाचा लेखी अर्ज फाइलला लावावा. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली करावा आणि त्याची पोच घ्यावी. परवानगीचा कागद हाती येईपर्यंत चेसिसला गॅसकटर लावू नये.