गरम दुधातले कॉर्नफ्लेक्स

परवा पुतण्या आला होता. मसाल्यांचा धंदा जर्मनीत न्यायचा म्हणतो, त्यासाठी घर गहाण टाकणार! "काका, चव तीच, पाकीट तेच. जाहिरात केली की लोक शिकतात."

मला हे मुळीच पटत नाही. १९९४ साली केलॉग्ज आपल्याकडे आली ती याच गुर्मीत. तळोज्याला कारखाना, जाहिरातींचा धडाका. पण आपल्याकडे दूध गरम घालायची सवय. कुरकुरीत कॉर्नफ्लेक्सचा क्षणात लगदा! शिवाय पोहे-उपमा सोडून हे रोज कोण खाणार?

वॉलमार्ट १९९७ साली जर्मनीत शिरली आणि अमेरिकेचेच रीतिरिवाज चालवू लागली. २००६ साली गाशा गुंडाळला. उलट मॅकडोनल्ड्सने १९९६ साली इथे येताना गोमांस वगळलं, पुढे आलू टिक्की बर्गर काढला. ती टिकली.

गिऱ्हाइकाला अडाणी समजणारा व्यापारी आणि मुलांना मठ्ठ म्हणणारा मास्तर, दोघे एकाच माळेचे मणी. आधी मूल ओळखावं, मग धडा घ्यावा. जन्मभर शिकवून मी एवढंच शिकलो.

पुतण्या रागावून गेला. असो. तो हे वाचतोच, म्हणून इथेच सांगतो: बाबा रे, आधी महिनाभर तिथल्या स्वयंपाकघरांत डोकाव. घर कुठे पळून जात नाही.