पितळ गेलं तर जाऊ द्या, कागद वाचवा

मागच्या आठवड्यात तालुक्यातल्या एका जुन्या कॉलेजात दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. व्हरांड्यात निर्लेखनाचा ढीग पडलेला. मोडकी बाकं, गंजकी कपाटं आणि एक काचेची पेटी. आत पितळेचा ड्रम, लांब काटा, काट्याच्या टोकाला निब. भंगारवाला काच बाजूला काढून नुसतं पितळ तोलत होता.

"बॅरोग्राफ आहे तो," तिथले जुने शिपाईकाका म्हणाले. "दर सोमवारी चावी द्यायचो, कागद बदलायचो, निबला शाई घालायचो."

"मग उतरवलेले कागद कुठं आहेत?"

"भूगोलाच्या कपाटात गठ्ठे होते की." कपाट ढिगातच होतं. रिकामं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅरोग्राफ म्हणजे हवेचा दाब आपणहून कागदावर लिहून ठेवणारं यंत्र. आत धातूच्या चपट्या डब्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांतली हवा जवळपास सगळी काढलेली. बाहेरचा दाब वाढला की डब्या दबतात, कमी झाला की फुगतात. ती बारीकशी हालचाल तरफांनी मोठी होऊन काट्याला मिळते. ड्रम चावीच्या घड्याळावर आठवड्याला एक फेरा घेतो. शाईत ग्लिसरीन असतं, म्हणून ती लवकर वाळत नाही. विजेची गरजच नाही. अशा डबीवर चालणारा दाबमापक फ्रान्सच्या ल्यूसियाँ विदी यांनी 1844 मध्ये आणला.

आपल्याकडे एरवी ही रेघ रोज दोनदा चढते, दोनदा उतरते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. चक्रीवादळ जवळ आलं की ही लय मोडते आणि रेघ धाडकन खाली येते. 1883 मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, त्याची दाबलहर पृथ्वीभोवती अनेकदा फिरली. हे कळलं ते जगभरच्या वेधशाळांतल्या अशाच नोंदींवरून.

"आता मोबाइलवर दाब दिसतो हो," असं तिथले एक सर म्हणाले. बरोबर आहे. पण मोबाइल आजचा दाब सांगतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या वादळी रात्री आपल्या गावात काय झालं, हे तो कुठून सांगणार?

कबूल करतो, मीही यात दोषी आहे. "असं वादळ शंभर वर्षांत झालं नाही" असं वाक्य मी बातमीत लिहिलंय, तेही एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर. तेव्हा ताडून बघायला गावाची नोंद कुठं आहे, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

हवामान खातं 1875 पासून आहे, त्यांच्या नोंदी आहेत. पण त्यांचं केंद्र प्रत्येक गावात नाही. कॉलेजच्या कागदाला सरकारी नोंदीइतकं वजन नसेल, घड्याळ मागेपुढे असेल. तरी रेघ कधी कोसळली आणि कधी सावरली, एवढं तो दाखवतोच.

म्हणून संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना तीन विनंत्या:

1. डेडस्टॉकमधलं यंत्र मोडीत काढण्याआधी भूगोल किंवा भौतिकशास्त्राच्या माणसाला दाखवा.

2. जुने तक्ते आणि नोंदवह्या रद्दीत घालू नका. तारीख दिसेल असे मोबाइलवर फोटो काढा. पोरं एका दुपारी करतील.

3. पाऱ्याचा दाबमापक असेल तर भंगारवाल्याच्या हातात देऊ नका. पारा विषारी आहे. नळी फुटली की त्याची वाफ श्वासात जाते.

पितळेचे पैसे संस्थेला मिळाले असतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण कागद किलोवर गेले, ते कुठल्याच भावानं परत मिळणार नाहीत.

तुमच्या शाळेत, कॉलेजात, जुन्या साखर कारखान्यात असं कपाट असेल तर उद्याच उघडून बघा. काही सापडलं तर कळवा. फोटो काढायला मी स्वतः येतो.