तीन कॉर्डचा माणूस

गेल्या रविवारी भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. दोन वर्षे गिटारच्या क्लासला जातोय. सरांनी सगळ्यांसमोर सुनावले होते, 'बोटं अजून बसलेली नाहीत, सराव वाढव.' पोराने क्लास सोडायचे ठरवूनच टाकले होते. मी समजावू लागलो तर म्हणतो कसा, "मामा, कर्ट कोबेनला तरी कुठं एवढं येत होतं? तरी जगानं त्याला डोक्यावर घेतलंच ना!"

वाचकहो, माझी संगीताची शिदोरी म्हणजे भजनी मंडळात वाजवलेली पेटी. कोबेन मला ठाऊक होता तो पोरांच्या टी-शर्टवरचा. पण मामा म्हटल्यावर उत्तर देणे भाग. चार दिवस भाच्याचाच हेडफोन कानाला लावून बसलो.

पोराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबर्डीन या लाकूडतोडीच्या गावात १९६७ साली जन्मलेला हा डावखुरा गिटारवाला. त्याच्या वाजवण्यात वेग नाही, नजाकत नाही. बहुतेक गाणी 'पॉवर कॉर्ड'वर उभी. म्हणजे दोन सुरांची जोडी धरायची आणि बोटांची तीच ठेवण पट्टीवर वर-खाली सरकवायची. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाजलेल्या गाण्यात, जिथे इतर गिटारवाले आपली तयारी दाखवतात, तिथे हा पठ्ठ्या गायलेलीच चाल पुन्हा वाजवतो!

'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाने २००३ मध्ये शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली. एका समीक्षकाने केलेल्या त्या यादीत कोबेन १२ वा, आणि ज्याच्या बोटांपुढे भलेभले हात टेकतात तो एडी व्हॅन हेलन ७० वा. २०११ मध्ये त्याच मासिकाने गिटारवादक आणि जाणकारांची मते घेऊन नवी यादी केली. आता व्हॅन हेलन ८ वा, तर कोबेन घसरला थेट ७३ वर. माणसे तीच, वाजवणे तेच. तराजू तेवढा बदलला. नुसता हात मोजला तर दुसरी यादी मला पटते.

मग एवढे कौतुक कशाचे? काही जण म्हणतात, अकाली गेला म्हणून. १९९४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. त्या शेवटात थोरवी शोधणाऱ्यांचा मला रागच येतो. घरी दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. पण कीर्ती मरणाने आली हे खरे नव्हे. त्याच्या 'निर्वाणा' बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम १९९१ च्या सप्टेंबरात आला आणि पुढच्याच जानेवारीत मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली सारून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. अर्थात त्यात डेव्ह ग्रोहलच्या दणदणीत ड्रमचा आणि निर्माता बुच विगच्या कानाचाही वाटा होताच. हळू सुरुवात करून मध्येच गाणे उसळवायची रीतही आपण 'पिक्सीज' या बँडकडून उचलली, हे कोबेनने स्वतःच कबूल केले होते.

तरीही उरते ते त्याचे. ते मला सापडले १८ नोव्हेंबर १९९३ च्या न्यूयॉर्कच्या मैफलीत, एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात. नेहमीचा गोंगाट नाही, साधी गिटार, सोबत चेलो. गोंगाट काढून घेतल्यावर चाल उघडी पडते. तकलादू असेल तर तिथेच कोसळते. त्याची कोसळली नाही. चौदापैकी सहा गाणी तर दुसऱ्यांची होती. त्यातली तीन 'मीट पपेट्स' या फारशा न गाजलेल्या बँडची. त्यासाठी त्याने त्याच बँडच्या किर्कवुड बंधूंना मंचावर बोलावले, वाजवणे त्यांच्याकडे सोपवले आणि स्वतः नुसता गायला. लाखोंचा लाडका कलावंत कॅमेऱ्यासमोर स्वतःची गिटार बाजूला ठेवतो! आपल्याला काय येते, काय येत नाही आणि गाण्याला काय हवे, हे ज्याला इतके नेमके कळते त्याला मी कच्चा म्हणणार नाही. बोटांची तयारी एक आणि कानाची तयारी दुसरी. पहिलीत तो बेताचा होता, दुसरीत पक्का. थोर वादक म्हणून त्याचा गौरव होत असेल तर तो जास्तच झाला. गाणे रचणारा आणि गाणारा म्हणून मात्र तो त्याच्या हक्काचा आहे.

हे सारे मी भाच्याला सांगितले. वर म्हटले, "बाबा रे, 'निर्वाणा' सुरू झाला १९८७ साली. जगाला तो कळेपर्यंत चार वर्षं गेली. तू दोन वर्षांत कंटाळलास!"

तो काही बोलला नाही. रात्री जेवणे झाल्यावर गिटार काढून 'अनप्लग्ड'मधलेच एक गाणे वाजवू लागला. कॉर्ड सगळे बरोबर, पण गाणे काही उभे राहीना. तीन-चारदा प्रयत्न करून थांबला आणि म्हणाला, "मामा, सोपं आहे रे… पण येत नाही."

क्लासची वेळ मंगळवारी संध्याकाळी सहाची आहे. जातो म्हणालाय.