गंगेला भिंत नसते!

नाशिककर गोदावरीला ‘गोदावरी’ म्हणतो तो पूजेच्या संकल्पात नाहीतर शाळेच्या भूगोलात. एरवी त्याच्या तोंडी ‘गंगा’च. आमच्या पिढीचे पोहणेही गंगेवरच झाले. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचे टोक काकांच्या हातात आणि समोर गांधी तलावाचे पाणी! पुढे अंगात रग आली की पोरे पुराच्या पाण्यात होळकर पुलावरून, म्हणजे जुन्या व्हिक्टोरिया पुलावरून, उड्या टाकीत. (तो नाद आज कोणी करू नये.) या शिक्षणात दम होता, हिंमत होती. नव्हती ती एकच गोष्ट: भिंत. नदीला काठ असतो, घाट असतो, भिंत नसते.

आताची मुले टँकवर जातात. त्र्यंबक रस्त्यावर महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव आहे, इतरही आहेत. कोणत्याही तलावाच्या कठड्यापाशी उभे राहिले की आईबापांची एक तक्रार कानांवर येते: “पोरगी पोहते झकास हो, पण भिंतीपाशी मागे पडते!” वाचकहो, दिवाळीच्या या अंकात त्या भिंतीविषयीच बोलू.

आधी हिशोब. ५० मीटरच्या तलावात १०० मीटर फ्री स्टाईलला एक वळण येते, ४०० मीटरला सात आणि १५०० मीटरला एकोणतीस. प्रत्येक वळणावर अर्धा सेकंद गमावला, तर १५०० मीटरला साडेचौदा सेकंद गेले! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १५०० मीटर शर्यतीत अमेरिकेचा बॉबी फिंक १४ मिनिटे ३०.६७ सेकंदांत पहिला आला, तर आयर्लंडचा डॅनियल विफेन १४ मिनिटे ३९.६३ सेकंदांत तिसरा. सोने आणि ब्राँझ यांत नऊ सेकंदांचेही अंतर नाही. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवले ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. तिथे वळणच नाही. पण त्याआधी २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो ५०, १०० आणि २०० मीटर फ्री स्टाईल पोहला, त्या तीन शर्यतींत मिळून चार वळणे होती.

पूर्वी फ्री स्टाईलमध्येही वळताना भिंतीला हात लावावा लागे. आता शरीराचा कोणताही भाग लागला तरी नियम पाळला जातो. म्हणून पोहणारा भिंतीपाशी येतो, पाण्यात कोलांटी घेतो आणि पायांनी भिंतीला रेटा देऊन परत फिरतो. हीच ‘फ्लिप टर्न’.

माझी भाची तेरा वर्षांची. हात लांब, दम चांगला. पण एका तलावावर कोलांटी घेताना पाय सरळ राहिले आणि दोन्ही टाचा कठड्यावर आपटल्या. आठवडाभर लंगडत होती. तेव्हापासून भिंत जवळ आली की ती मान वर करी, दोन हात उगीच संथ मारी, मग भिंत धरी. स्पर्धेत तिच्याहून कच्च्या मुली तिच्यापुढे जाऊ लागल्या. ताई म्हणाली, “पुरे झाले आता. पुढे दहावी आहे.” पोरीनेही पिशवी माळ्यावर टाकली. मला भीती वाटली ती पदकाची नव्हे. एका भिंतीपुढे हार मानून ती पाण्यालाच मुकेल, याची.

एका रविवारी तिला घेऊन गेलो. बरोबर आमचे अण्णा, वय वर्षे ऐंशी, गंगेत वाढलेले. काठावरून ते ओरडले, “अगं, मान वर कर, भिंत बघ!” पलीकडून प्रशिक्षक ओरडले, “मान खाली!” पोरगी मधल्यामध्ये पाणी पिऊन वर आली.

अण्णांचे चुकत नव्हते. नदीत ओंडका येतो, ओढ बदलते, समोर माणूस येतो. तिथे मान वर करून बघणाराच शहाणा. पण मान वर गेली की पाय खाली जातात आणि वेग मरतो. वेग मेला की कोलांटीही अर्धी राहते. मग भिंत बघायची कशी? तळाकडे पाहून. तळाची काळी रेघ भिंतीआधी दोन मीटरवर थांबते आणि तिथे आडवी रेघ असते. तीच आपली खूण. त्या आडव्या रेघेवरून डोके गेल्यावर किती हात मारले म्हणजे कोलांटी बरोबर बसते, हे प्रत्येकाने आपापल्या उंचीप्रमाणे मोजून ठरवायचे. भाचीचे दोन हात आले. “एवढंच होय, मामा?” ती म्हणाली.

एवढेच नव्हे, पण मुख्य ते हेच. पुढचे क्रमाने सांगतो. शेवटचे एक-दोन हात श्वास न घेता मारावेत. दोन्ही हात मांड्यांपाशी राहू द्यावेत. हनुवटी छातीला लावून गुडघे पोटाशी घ्यावेत. अंगाचे गाठोडे जितके लहान, तितकी कोलांटी जलद, आणि टाचाही सुखरूप! तळवे पालथे करून पाणी डोक्याकडे लोटले की फिरायला मदत होते. या सगळ्या वेळात नाकाने हळूहळू श्वास सोडत राहावे. तोंड मिटून ‘हूं’ असा हुंकार भरला तरी पाणी नाकात शिरत नाही. पाय भिंतीला लागतील तेव्हा गुडघे साधारण काटकोनात हवेत. पाय फार दुमडले तर आपण भिंतीच्या फार जवळ आलो. जवळजवळ सरळ असले तर फार लांब राहिलो.

आता रेटा. पालथे होण्याची वाट न पाहता उताण्या किंवा कुशीच्या अंगानेच भिंत सोडावी आणि जाता जाता पालथे व्हावे. हातावर हात, दंड कानांमागे, अंग बाणासारखे. उडीनंतर शर्यतीत सर्वांत जास्त वेग असतो तो याच क्षणी, आणि पृष्ठभागावरच्या लाटांचा अडथळा खाली कमी असतो. म्हणून लगेच वर येण्याची घाई नको. वेग पोहण्याइतका उतरू लागला की वर यावे. नियमाप्रमाणे १५ मीटरपर्यंत डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे. आणि पहिल्या हाताला श्वास घेऊ नये. तोंड वळले की कमावलेला वेग तिथेच सांडतो.

सराव भिंतीपासून दूर सुरू करावा. छातीभर पाण्यात नुसत्या कोलांट्या, एका वेळी तीन-चार. गरगरले की थांबावे. दुसरीकडे, भिंतीला पाय लावून उताणे राहून नुसता रेटा. दोन्ही जमल्यावर ते जोडावेत, आधी संथ आणि मग वेगात. श्वास कोंडून कोण जास्त टिकतो, अशा पैजा मात्र मुळीच लावू देऊ नयेत. पाण्याखाली शुद्ध हरपते आणि काठावरच्यांना कळतही नाही. मुलांजवळ जाणते माणूस हवेच.

भाचीला हे बसायला दोन महिने लागले. पदक वगैरे काही मिळाले नाही. २०० मीटरला चार सेकंद वाचले, आणि पिशवी माळ्यावरून खाली आली. ताईने दहावीचे वेळापत्रक करताना पहाटेचा तास पोहण्यासाठी मोकळा ठेवला आहे. अण्णा अजूनही काठावर येतात. परवा शेजारच्या मुलाला सांगत होते, “मान खाली ठेव रे, तळाची रेघ बघ!”

पालकहो, मूल भिंतीपाशी अडते तेव्हा बहुधा दम कमी पडत नसतो. अंतराचा अंदाज नसतो आणि एखादा जुना मार मनात असतो. त्याला आणखी जोराने पोहायला सांगून उपयोग नाही, मोजायला शिकवावे. सुट्टीत फराळावर ताव मारून लगेच पाण्यात उतरू देऊ नका, एवढे पथ्य पाळा. बाकी नोव्हेंबरच्या गार पाण्यात पहिली उडी कोणी मारायची, हे मुलांचे मुलांनीच ठरवावे. दिवाळीच्या शुभेच्छा!