निरोप घेऊन जाणारे आपण

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये दोघांना मी एक छोटी कादंबरी वाचायला दिली. सेनेगलच्या मारियामा बा यांची, मूळ फ्रेंचमध्ये १९७९ साली प्रसिद्ध झालेली. इंग्रजीत तिचे नाव ‘सो लाँग अ लेटर’. लेखिका आपल्यासारखीच शिक्षिका आणि मुसलमान. कादंबरीची नायिका रामातुलाय हीसुद्धा शिक्षिका.

आठवडाभरात पुस्तक परत आले, सोबत दोन शेरे आले. एक सहकारी म्हणाले, “सर, असलं वाचून आपल्याच समाजाची बदनामी होते. लोकांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं?” दुसरे, बिगरमुस्लिम आणि खरोखर सज्जन गृहस्थ, आवाज खाली आणून म्हणाले, “राग मानू नका सर, पण तुमच्यात हे चालतंच ना?”

दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे वाटेल. माझ्या मते दोघांनी एकच चूक केली. दोघांनाही धर्म दिसला, माणसे दिसली नाहीत.

आधी गोष्ट सांगतो. पती वारला आहे आणि रामातुलाय इद्दतीत बसली आहे. त्या दिवसांत ती जिवलग मैत्रिणीला पत्र लिहिते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर, बारा मुलांचा बाप असलेल्या मोदूने मुलीच्याच मैत्रिणीशी, बिनेतूशी, निकाह केला. पोरीची शाळा सुटली. तिच्या आईला घर हवे होते. सौद्यात बंगला, गाडी, महिन्याचा खर्च आणि सासू-सासऱ्यांची मक्केची यात्रासुद्धा होती. ज्या हजला माणूस गुन्हे माफ करून घ्यायला जातो, तो हज एका शाळकरी पोरीची किंमत म्हणून मोजला गेला. बदनामी कोणी केली म्हणता? लिहिणाऱ्या बाईने, की मोजणाऱ्या पुरुषाने?

आणि ही बातमी पहिल्या बायकोला सांगायला मोदू स्वतः गेला नाही. तीन माणसे गेली: भाऊ, मित्र आणि इमाम. त्यांनी ती अल्लाहची मर्जी म्हणून सांगितली. रामातुलायने त्यांना प्यायला दिले, हसून आभार मानले.

मोदू वारल्यावर तेच तिघे पुन्हा येतात. आता भाऊ म्हणतो, इद्दत संपली की मी तुझ्याशी निकाह करीन. तिला विचारत नाही, सांगतो. तेव्हा तिची तीस वर्षांची गप्प बसण्याची सवय मोडते. ती त्याला तोंडावर सुनावते. तो निघून जातो.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. कारण त्या तिघांमध्ये मी बसलेलो होतो.

बारा-एक वर्षे झाली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नवऱ्याने दुसरा निकाह केला आणि ती माहेरी आली. समजूत काढायला जमातीची तीन वडीलधारी माणसे निघाली. मलाही सोबत घेतले. “सर, तुमचा शब्द ती मोडणार नाही.” मी फुगलो. तिने चहा केला, डोक्यावरची ओढणी सावरत खाली बसली. मी म्हणालो, “बेटा, सब्र कर.” ती म्हणाली, “जी सर.” आणि गेली. दीड वर्षाने परत आली तेव्हा कडेवर मूल होते. त्या वेळी आम्हा चौघांपैकी कोणीही तिच्या दारात गेलो नाही.

मी वर्गात सब्र या शब्दाचा अर्थ शिकवतो. संकटात पाय रोवून, न डगमगता उभे राहणे म्हणजे सब्र. त्या दिवशी मी तिला वेगळाच अर्थ शिकवला: तोंड बंद ठेव. आणि त्या नवऱ्याकडे सब्र मागायला आमच्यापैकी कोणी गेले होते का? नाही.

सूरह निसामध्ये एकाहून अधिक निकाहांच्या परवानगीला न्यायाची अट आहे. न्याय होणार नाही अशी भीती असेल तर एकच, असेही तिथेच म्हटले आहे. त्याच सूरहमध्ये पुढे सांगितले आहे की, कितीही मनात आणले तरी स्त्रियांमध्ये पुरता न्याय तुम्हाला जमणार नाही. आपण परवानगी तोंडपाठ केली, अट विसरलो. रामातुलाय धर्म सोडत नाही. ती नमाज पढते, इद्दत पाळते. मिरासच्या नियमाने मेलेल्याचा हिशेब उघडला जातो, तेव्हाच कळते की नव्या बायकोच्या घराचे कर्ज दोघांच्या बचतीतून घेतलेल्या जुन्या घरावर काढलेले होते. मोदूला उघडा पाडतो तो धर्माचाच नियम.

आता त्या सज्जन सहकाऱ्यांना. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तुम्ही वाचली असेल. विधवा झालेल्या यमूचे बळजबरीने केशवपन होते ते वाचून “तुमच्यात हे चालतंच” असे तुम्ही स्वतःला म्हणालात का? नाही. रूढी बदलली पाहिजे असे म्हणालात. तेवढाच न्याय रामातुलायला द्या. यमूसाठी कळवळा आणि आमच्या बायकांसाठी कीव, हे दोन वेगळे माप झाले.

आणि माझ्या समाजाला. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात. दुसरा निकाह केल्यास पत्नीला तलाकचा अधिकार, म्हणजे तफवीज, आजही लिहून घेता येतो. मेहरचा आकडा लाजेकाजेस्तव न ठेवता मुलीला आधार होईल असा ठेवता येतो. हे बोलायला निकाहच्या दिवशी काझीसाहेबांसमोर बसणारे आपणच असतो. तिथे गप्प बसायचे, बिर्याणी खायची आणि घर मोडल्यावर सब्राचा निरोप घेऊन जायचे, ही वडीलकी नव्हे.

यापुढे कोणी मला बोलवायला आले तर मी जाईन. फक्त आधी नवऱ्याच्या घरी जाईन. सोबत कोण येणार ते सांगा.