नव्या सिस्टरला घडवणे हे रुग्णालयाचेच काम

बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे किंवा जीएनएमची तीन वर्षे पुरी करून, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून नवी सिस्टर वॉर्डात रुजू होते. आठवडाभरात तिच्याबद्दलचा निकालही लागतो : ‘हिला काही येत नाही. कॉलेजात शिकवतात तरी काय?’ या निकालामागे तीन समजुती आहेत. तिन्ही खोडून काढायला हव्यात.

पहिली समजूत अशी, की कॉलेज चांगले असते तर ती तयार होऊनच आली असती. कॉलेजांत उणिवा आहेत, हे खरे. पण काही गोष्टी उत्तम कॉलेजही शिकवू शकत नाही. बाळंतपणानंतर ५०० मिलीलिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव, हे तिला पाठ असते. प्रत्यक्षात रक्त चादरीत, पॅडमध्ये आणि बादलीत जाते. नजरेचा अंदाज बहुधा कमीच भरतो. डॉक्टरांना आत्ता उठवायचे की पाच मिनिटे थांबायचे, हा निर्णय जबाबदारी अंगावर आल्यावरच शिकता येतो. विद्यार्थिनी असताना ती जबाबदारी तिची नसते. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ सालच्या ग्रंथात नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर परिचारिका सक्षमतेच्या पायरीवर येते, असे त्या सांगतात. आपण मात्र ती पहिल्याच आठवड्यात मागतो.

दुसरी समजूत ज्येष्ठांची : ‘आम्हीही असेच शिकलो. पाण्यात टाकल्याशिवाय पोहता येत नाही.’ पण इथे गटांगळ्या खाणाऱ्या सिस्टरबरोबर रुग्णही बुडतो. शिवाय हे वाक्य म्हणायला टिकलेल्याच उरतात. घाबरून नोकरी सोडलेल्या ड्युटीरूममध्ये नसतात. शिकलेले आणि प्रत्यक्षातले यांतल्या दरीने नव्या परिचारिका कशा खचतात, हे मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच ‘रिअॅलिटी शॉक’ या पुस्तकात दाखवले होते.

तिसरी समजूत सर्वांत वजनदार आहे : माणसेच कमी, शिकवणार कोण? अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. प्रत्यक्षात एकीवर किती खाटा असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच नवी आली की लगेच तिचे नाव ड्युटीलिस्टमध्ये चढते. पण आधाराविना ठेवलेली सिस्टर निघून गेली, की जागा पुन्हा रिकामी आणि ओझे पुन्हा त्याच ज्येष्ठांवर. मनुष्यबळ कमी आहे म्हणूनच आलेले टिकवणे अधिक गरजेचे आहे.

मग करायचे काय? पहिले काही आठवडे तिला वॉर्डाच्या संख्याबळात धरू नये. तिच्यासाठी एक ज्येष्ठ सिस्टर नेमावी आणि त्या सिस्टरच्या वाट्याचे रुग्ण कमी करावेत. नाहीतर ती नेमणूक कागदावरच राहील. सुरुवातीला नाइटला एकटी ठेवू नये. झटके आलेल्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेट देणे, रक्त चढवणे, लेबर रूममध्ये बाळंतपण करणे, ही कामे आधी ज्येष्ठेच्या सोबतीने व्हावीत आणि जमली की नोंदवहीत ज्येष्ठेची सही व्हावी. न समजलेले विचारणाऱ्या मुलीला वॉर्डात सर्वांदेखत बोलणी बसू नयेत, हे इनचार्जने पाहावे. जी विचारायला घाबरते, ती अंदाजाने डोस भरते.

यात अशक्य असे काही नाही. स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेत नव्या परिचारिका व सुईणींसाठी ‘फ्लाइंग स्टार्ट’ हा कार्यक्रम २००६ पासून आहे. आपल्याकडेही एमबीबीएसची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला वर्षभर देखरेखीखाली इंटर्नशिप करावी लागते आणि त्याला कोणी कच्चा म्हणून हिणवत नाही. परिचारिकेची इंटर्नशिप मात्र अभ्यासक्रमातच उरकते. नोंदणीनंतर तिच्यासाठी अशी सक्तीची सोय नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने नेमणुकीच्या आदेशातच देखरेखीचा काळ आणि मार्गदर्शक सिस्टरचे नाव लिहून द्यावे. तोवर ‘हिला काही येत नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या रुग्णालयाला नाही.